ढोलीसमोरचे दल सरोवर

उंबर पिकू लागले की पलूसहून फोन येतो. शैलाताई ख्यालीखुशालीत वेळ घालवत नाहीत. "गेली आत," एवढेच सांगतात. मी "बरं" म्हणतो आणि फोन ठेवतो. पूर्वी हा फोन कराडला, आमच्या दैनिकाच्या कचेरीत यायचा. एकदा तो गुन्ह्यांच्या बातम्या करणाऱ्या सहकाऱ्याने उचलला आणि कोण आत गेली, कुठल्या ठाण्याच्या हद्दीत, अशी चौकशी सुरू केली. शैलाताईंनी त्याला सविस्तर सांगितले, की पाटण तालुक्यातल्या एका देवराईत महाधनेशाची मादी ढोलीत गेली असून तिने आतून दार लिंपून घेतले आहे. त्याने ऐकून घेतले आणि फोन माझ्याकडे दिला. "घे. आरोपी नाही, फिर्यादी नाही. ही तुझी बातमी."

यंदा फोन आला तेव्हा कृष्णाकाठी उसाचे शेवटचे फड तुटत होते. ऊसतोड टोळ्या परतीच्या तयारीला लागल्या होत्या आणि गावोगावी लग्नाचे मांडव पडू लागले होते. फाल्गुन संपताना या भागाला स्वतःचा एक वास असतो. जळलेले पाचट, कारखान्याच्या मळीचा आंबूस दर्प आणि मध्येच कुठून तरी येणारा आंब्याचा मोहोर. पाटण मागे टाकून गाडी चढाला लागली की हा वास सुटत जातो. घाटमाथ्यावर सावर पेटलेली असते, पांगारा पेटलेला असतो. मग एका वळणानंतर देवराईची काळसर हिरवी भिंत दिसते आणि तिच्या सावलीत पाऊल टाकले की उन्हाळा बाहेरच थांबतो. आत कुजक्या पानांचा, शेवाळाचा, ओल्या सालींचा गारवा. मी दर वर्षी तिथे जातो ते पक्षी पाहायला, असे सांगतो. खरे तर एका जुन्या चैत्राची खातरजमा करायला जातो.

महाधनेश हा दाट, ओल्या जंगलातला पक्षी. गिधाडाएवढा देह, पिवळी धमक चोच आणि त्या चोचीवर आणखी एक शिरस्त्राण. गावातले लोक त्याला गरुड म्हणतात. विणीच्या दिवसांत मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठा, माती, फळांचा गर यांनी ढोलीचे तोंड लिंपून टाकते. एक उभी फट तेवढी शिल्लक राहते. अंडी उबवून पिल्लू मोठे होईपर्यंत ती आत. नर उंबर, नांद्रुक अशी फळे गळ्यात भरून आणतो आणि एकेक वर काढून त्या फटीतून तिला देतो. दिवसातून किती तरी वेळा, न चुकता. तो आला नाही तर आतले सगळे संपले.

शैलाताई कांबळे नव्वदच्या दशकात पलूसला फोटो स्टुडिओ चालवत. बायकांच्या कार्यक्रमात पुरुष फोटोग्राफर नको म्हणणारी घरे त्यांना मुद्दाम बोलावत. हळद, डोहाळेजेवण, बारसे यांत त्यांचा हात धरणारे त्या पट्ट्यात कोणी नव्हते. विहारातल्या मंगल परिणयापासून बागायतदारांच्या घरच्या लग्नापर्यंत सगळीकडे त्या खांद्याला कॅमेरा आणि पदर खोचून उभ्या असत. त्यांचा एक नियम होता. तो त्यांनी मला एका मांडवात, जेवणाच्या पंगती उठत असताना सांगितला होता.

"हार गळ्यात पडल्यावर फोटू काडला तर नुसती दोन माणसं दिसत्यात. हात वर चडाय लागलं की दाबायचं. हार मधी पायजे, अधांतरी."

पक्ष्यांचे वेड त्यांना कुठून लागले, हे मी कधी विचारले नाही. त्यांचे सासरे आप्पा सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. ईशान्येच्या जंगलात त्यांनी धनेश पाहिला होता आणि निवृत्तीनंतर एक जुनी जीप घेतली होती. सुट्टी मिळाली की सासरा आणि सून घाटाकडे निघत. शैलाताईंच्या पतीची कारखान्यात पाळी असे. तो म्हणे, "दोघंबी जावा. कुणीतरी एक घरी शाणं पायजे."

असेच एका उन्हाळ्यात त्यांना देवराईबाहेरच्या उंबरावर महाधनेशाचा नर मिळाला. फांदीवर बसलेला, मान किंचित वळवलेली, मागे नुसते धुरकट हिरवे, दुसरे काही नाही. चांगला फोटो होता. सांगलीतल्या हौशी छायाचित्रकारांच्या एका मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनात तो लागला आणि दुसऱ्या दिवशी उतरवला गेला. प्रदर्शनाची बातमी करायला मी तिथे गेलो होतो. परीक्षक वयस्कर होते, नावाजलेले होते आणि त्यांचा आवाज चढलेला नव्हता.

"फांदी बघा किती स्वच्छ आहे. मागे एक पान नाही. हा पिंजऱ्यातला पक्षी आहे. प्राणिसंग्रहालयात काढलेला फोटो जंगलातला म्हणून लावता येत नाही." मग त्यांनी चष्मा पुसत विचारले, "आपण लग्नाचे फोटो काढता ना?"

शैलाताईंनी होय म्हटले. फोटो बगलेत घेतला. भिंतीवर खिळा तेवढा राहिला. बाहेर आल्यावर आप्पा जीपच्या चाकाला टेकून उभे होते. त्यांनी सुनेच्या बगलेतली चौकट पाहिली आणि दार उघडून दिले.

बातमीत मी लिहिले, की एक छायाचित्र परीक्षकांच्या निर्णयानुसार काढून घेण्यात आले. वाक्य अचूक होते. त्या वाक्यात शैलाताई कुठेच नव्हत्या.

पुढच्या वर्षी चैत्रात त्या कराडला आल्या. देवराईत त्यांनी एक गोष्ट हेरली होती. गळा फुगलेला नर उंबरावरून उडाला की प्रत्येक वेळी एकाच दिशेला जात होता. त्या दिशेला एक प्रचंड बेहडा होता आणि बेहड्याच्या खोडात, वर, लिंपलेली ढोली.

"पिंजऱ्यात गरुड बसतोय, खातोय," त्या म्हणाल्या. "पर झाडात कोंडून घेतल्याल्या मादीला घास भरवताना कुठल्या पिंजऱ्यात दिसंल? त्योच फोटू काडायचा. तुमी साक्षीला चला, भाऊ. माझा फोटू खोटा म्हणत्यात. बातमीदाराला कोण खोटं म्हणंल?"

"बातमीदाराला रोजच म्हणतात," मी सांगितले.

"मग सवय हाय तुमास्नी. चला."

लग्नसराईच्या ऐन मध्यात त्यांच्याकडे मोजके मोकळे दिवस होते. त्यानंतर तारखा सलग लागलेल्या होत्या, आणि त्या उरकेपर्यंत पिल्लू उडून गेले असते. म्हणजे फोटो त्याच मुक्कामात मिळायला हवा होता. नाही तर वर्षभर थांबायचे आणि वर्षभर तो खिळा डोळ्यांसमोर ठेवायचा.

देवराईच्या तोंडाशी गुरव बसले होते. मोकळ्या अंगावर पंचा, हातात तंबाखूची चंची. आप्पा दगडी बांधापाशी थांबले. त्यांच्या लहानपणी अशा बांधाच्या आत त्यांच्या घरातल्या माणसांना पाऊल टाकता येत नसे. त्यांनी एवढेच विचारले, "आमी आत आलं तर चालंल न्हवं?"

"पायताण काडा. मग कुणीबी यावं," गुरव म्हणाले. "आनि आतली काडी मोडायची न्हाई. वाळल्याली बी न्हाई. देवीचं हाय सगळं."

"आमचा देवावर इस्वास न्हाई," आप्पा म्हणाले. "झाडावर हाय."

गुरवांनी तंबाखू मळता मळता विचार केला. "मग ऱ्हायलं काय? देवीबी झाडातच बसलीया."

काडी मोडायची नाही, हा नियम ऐकायला सोपा आहे. पण पक्ष्याला न दिसता बसायचे तर आडोसा लागतो आणि जंगलात आडोसा पाल्याचा करतात. पाला तोडता येत नव्हता, पडलेला उचलता येत नव्हता. आप्पांनी यावर आपल्या मुलखाचा उपाय काढला. उसाच्या पट्ट्यात कशालाही झाकायचे असेल तर वाडं वापरतात. उसाचा वरचा हिरवा शेंडा, पानांसकट. खोपटावर वाडं, बैलगाडीवर वाडं, गुरांपुढे वाडं. दुसऱ्या दिवशी आप्पा खालच्या गावातून जीपभर वाडं घेऊन आले. बांबूच्या चौकटीला बारदान बांधून त्यांनी त्यावर असे काही विणले, की चार पावलांवरून आत माणूस बसला आहे हे कळू नये.

"ह्येला मोर्चा म्हंत्यात," त्यांनी मला समजावले. "फौजेत असला मोर्चा बांदला की दुश्मन वरून चालत जातोय."

मोर्चा रात्रभर तसाच ठेवायचा, नराला त्याची सवय होऊ द्यायची, असे ठरले. सकाळी आम्ही अनवाणी, आवाज न करता आत गेलो. बेहड्यासमोर बांबूची नागडी चौकट उभी होती. बारदान फाटून लोंबत होते. वाड्याचे एक पान शिल्लक नव्हते. आप्पांना प्रथम चोर आठवले. मग त्यांना जमिनीवरचे खूर दिसले आणि बाजूला पडलेला शेणाचा ताजा, मोठा पो.

गुरव मागून आले. त्यांनी चौकटीकडे पाहिले, शेणाकडे पाहिले आणि पंचा तोंडाला लावला.

"आवं हवालदार, गवा हाय त्यो. उसासाठी खाली शिराळ्यापतूर जातोय. तुमी त्येला घरपोच आनला."

"मला काय म्हाईत, इथं गवा येतोय त्ये."

"दुश्मन वरून चालत गेला न्हाई," शैलाताई म्हणाल्या. "मोर्चाच खाऊन गेला."

आप्पा स्वतःवर रागावले होते, पण पहिले हसू त्यांनाच फुटले. देवराईत मोठ्याने हसता येत नाही म्हणून आम्ही चौघे बांधाबाहेर आलो आणि तिथे मनसोक्त हसलो. या सगळ्यात एक दिवस वाया गेला, हे शैलाताईंना सर्वांत आधी आठवले. त्यांनी जीपची चावी मागितली.

दुपार कलताना त्या पलूसहून परत आल्या तेव्हा जीपमध्ये एक लांब गुंडाळी होती. स्टुडिओतला पडदा. नव्या जोडप्यांना ज्याच्यापुढे उभे करत, तो. निळेशार दल सरोवर, त्यात शिकारा, काठाला चिनार, मागे बर्फाचे डोंगर. पलूस परिसरातल्या अनेक संसारांची सुरुवात या सरोवराच्या काठी झाली होती. पडद्याची मागची बाजू मात्र कोऱ्या जाड कापडाची होती. जुनी, मळकी, थेट बेहड्याच्या सालीच्या रंगाची.

"ह्ये गवा खाणार न्हाई," त्या म्हणाल्या. "चिनार कागदी लागंल त्येला."

मळकी बाजू बाहेर ठेवून आम्ही पडदा चौकटीला गुंडाळला. त्यामुळे सरोवर आत आले. दुसऱ्या दिवशी पहाटे सैन्यातून निवृत्त झालेला एक हवालदार, एक फोटोग्राफर आणि एक वार्ताहर असे तिघे दल सरोवरात मांडी घालून बसले. डाव्या बाजूला माझ्या कानाला शिकारा लागत होता. पडद्याला पाडलेल्या भोकातून लेन्स बाहेर गेली होती. लेन्सभोवती शैलाताईंनी घरचा टॉवेल गुंडाळला होता, कारण कॅमेऱ्याचा खटका त्या शांततेत सुपारी फोडल्यासारखा वाजत होता.

देवराईतली सकाळ दिसण्याआधी ऐकू येते. प्रथम श्यामा पक्षी बोलला. लांबलचक, ओल्या गळ्याची शीळ. मग कुटुर्ग्याची टकळी सुरू झाली. डोक्यावर शेकरूने काही तरी कुरतडले आणि टरफले पडद्यावर टपटपली. हळूहळू झाडांना कडा फुटल्या. गारंबीच्या वेली पिळदार दोरखंडासारख्या दिसू लागल्या. एक पांढरा झोत हिरव्यातून सरकत गेला. तो स्वर्गीय नर्तक होता. एरवी त्याच्या एका फोटोसाठी माणूस दिवस घालवेल. शैलाताईंनी मानही वळवली नाही. रोल एकच होता आणि तो कोणासाठी आहे हे ठरलेले होते.

अडचण उजेडाची होती. बेहड्याचे खोड जवळपास सारा वेळ सावलीत असे. सकाळी थोडा वेळ वरच्या फांद्यांतून उन्हाची एक पट्टी ढोलीवर उतरे, सरके आणि निघून जाई. नर त्या वेळात यायला हवा होता. पहिल्या खेपेला तो पट्टी येण्याआधीच येऊन गेला. दुसऱ्या खेपेला आला तो उलट्या बाजूने बसला. नुसती पाठ आणि शेपूट. आप्पा ओठ न हलवता पुटपुटले, "वळ की रं गड्या." तो वळला नाही. भरवून निघून गेला.

उन्हाची पट्टी ढोलीच्या कडेला टेकली. शैलाताईंनी कपाळाचा घाम खांद्याला पुसला. दुसऱ्या दिवसापासून लग्ने होती.

महाधनेश येतो तेव्हा त्याचे पंख आधी येतात. मळणी यंत्राचा पट्टा लांब कुठे तरी फिरू लागावा तसा आवाज. तो वाढत गेला, आमच्या डोक्यावरून गेला आणि थांबला. नर खोडाला बिलगून बसला होता. या वेळी बाजू आमच्याकडे होती. लाल डोळा, पिवळी चोच आणि फुगलेला गळा. फटीतून मादीच्या चोचीचे टोक बाहेर आले.

मी जे पाहिले ते असे. नराने मान मागे टाकली. गळ्यातून एक उंबर वर आले आणि चोचीच्या टोकाशी येऊन थांबले. दागिना धरावा तसे त्याने ते धरले. मान पुढे झुकू लागली. फळ अजून फटीपर्यंत पोहोचले नव्हते आणि मला वाटले, आता थांबावे, देताना काढावा. तेवढ्यात टॉवेलच्या आत खटका वाजला. मग आणखी एकदा. शैलाताईंनी हात वर चढतानाच दाबले होते.

नराने मान जराशी तिरकी केली, आमच्या दिशेने पाहिले आणि पुढचे उंबर वर काढले. उन्हाची पट्टी ढोलीवरून सरकेपर्यंत तो भरवत राहिला. मग तो उडून गेला. शैलाताईंनी कपाळ पडद्याला टेकले होते, नेमके बर्फाच्या डोंगराला.

"मिळाला?" आप्पांनी विचारले.

"हार अधांतरी हाय, मामंजी," त्या म्हणाल्या.

त्याच आठवड्यात एका लग्नात मी त्यांना पाहिले. नेहमीसारख्याच त्या नवरानवरीसमोर उभ्या होत्या. मागे दल सरोवर नव्हते. पडद्याला भोक पडले होते, ते शिवायला दिले होते. रोल धुऊन यायचा होता. मी काही विचारण्याआधीच त्यांनी मान हलवली. आज नाही, उद्या. दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला तेव्हा आवाजात हसू होते आणि मागे आप्पा कोणाला तरी मोठ्याने गव्याची गोष्ट सांगत होते, स्वतःची फजिती वाढवून.

बातमीदारीत मी पुष्कळ विजय पाहिले. गुलाल, फटाके, खांद्यावर घेतलेली माणसे. दुसऱ्या दिवशी गुलाल रस्त्याच्या कडेला चिखल होऊन पडलेला असे. देवराईतल्या त्या सकाळचा रंग अजून उतरलेला नाही. मादी जिवंत होती, नर येत होता, पिल्लू वाढत होते, आणि आम्ही त्यातल्या कशालाही धक्का न लावता ते पाहिले होते. देवराईची एक काडीही मोडली नव्हती. नुकसान झालेच असेल तर जीपभर वाड्याचे, आणि तेही कोणाच्या तरी पोटात गेले होते.

प्रदर्शन त्याच सभागृहात भरले. पलूसहून एक टेम्पो भरून बायका आल्या. त्यातल्या निम्म्यांच्या लग्नाचे नाही तर बारशाचे फोटो शैलाताईंनी काढलेले होते. सभागृहातल्या गृहस्थांना एवढ्या बायका पाहायची सवय नव्हती. त्यांनी वाट करून दिली. पोट पुढे आलेली एक तरुणी फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली आणि नवऱ्याला म्हणाली, "बगा. शिका जरा. न मागता आणतंय."

बायका यायच्या आधी, फोटो कुठे लावायचा, असे संयोजकाने विचारले होते, तेव्हा आप्पांनी आधीच भिंत शोधून ठेवली होती. मागच्या वर्षीचा खिळा तिथेच होता, किंचित वाकलेला. त्यांनी तो मुठीएवढ्या दगडाने ठोकून सरळ केला, ताणून पाहिला आणि बाजूला झाले. चौकट शैलाताईंनी लावली. खोडाची करडी साल, लिंपलेली ढोली, फटीतून आलेले चोचीचे टोक, समोर झुकलेली पिवळी चोच आणि दोन्हींच्या मध्ये, उन्हात, एक लाल उंबर. कोणाचेच नसलेले.

परीक्षक आले. मी साक्ष द्यायला तयार होतो. दिवस, वेळ, जागा, उन्हाची दिशा, सगळे टिपून आणले होते. त्यांनी मला काही विचारले नाही. ते चष्मा काढून फोटोच्या इतके जवळ गेले, की त्यांचा श्वास काचेवर उमटला. मग मागे आले आणि पुन्हा जवळ गेले. शेवटी शैलाताईंकडे वळले.

"हा पिंजऱ्यातला नाही," ते म्हणाले. त्यांनी ते सर्वांना ऐकू जाईल असे म्हटले, ही गोष्ट नोंदवायला हवी.

शैलाताईंनी उत्तर द्यायला तोंड उघडले, पण आप्पा पुढे झाले. त्यांनी टाचा जुळवल्या.

"न्हाई साहेब," ते म्हणाले. "पिंजऱ्यात आमी हुतो."